दवाखान्यात मुलगी हवी!

'दवाखान्यात कामासाठी मुलगी पाहिजे. बारावी पास. अनुभव असल्यास प्राधान्य.' शहापूरच्या बाजारपेठेत काय किंवा मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ काय, दाताच्या दवाखान्याच्या काचेवर असा कागद हमखास दिसतो. कागद उन्हाने पिवळा पडतो, पण निघत नाही. कारण मुलगी मिळते, दोन-तीन महिने राहते आणि सोडून जाते. मग बचत गटाचं काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना डॉक्टरांचा फोन येतो, "ताई, ओळखीत कुणी चांगली मुलगी आहे का हो?"

मैत्रिणींनो, ही 'चांगली मुलगी' म्हणजे नेमकी कोण? डॉक्टरांचं म्हणणं असं की मुलगी वेळेवर यावी, स्वच्छ राहावी, पेशंटशी गोड बोलावी, वही नीट ठेवावी आणि शिकवल्यावर टिकावी. यात गैर काहीच नाही. पण मुलींना विचारलं की दुसरी बाजू कळते. आसनगावहून लोकल पकडली की कल्याण-ठाण्याच्या दुकानांत जरा बरा पगार मिळतो. मुरबाडला तर रेल्वेच नाही. टोकावडे, धसईकडच्या मुलीला एसटीच्या वेळेवर सगळं बेतावं लागतं. दवाखान्याची खरी गर्दी मात्र संध्याकाळी. त्यात फरशी पुसण्यापासून डॉक्टरांच्या मुलाला शाळेतून आणण्यापर्यंत सगळी कामं गळ्यात पडली, की घरचे म्हणतात, "सोड ते, त्यापेक्षा घरी बस." आणि मुलगी घरी बसते.

हे काम किरकोळ आहे असं समजू नका. १८८५ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. केल्स या दंतवैद्याने मदतीला एक स्त्री नेमली. तोवर बायका नवरा किंवा कुणी सोबत असल्याशिवाय दवाखान्यात जात नसत. खिडकीत 'इथे बाई हजर असते' अशी पाटी लागली आणि बायका एकट्या येऊ लागल्या.

आपल्याकडे आजही याहून वेगळं काय आहे? मिश्री लावणारी एखादी मावशी दाढेचं दुखणं महिनोन् महिने अंगावर काढते. पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडायला लाजते, मिश्रीचं तर सांगतच नाही. शेजारी गावाकडची, आपल्याच बोलीत "या मावशी, बसा, घाबरू नका" म्हणणारी पोर असली की तीच मावशी मोकळी होते. तोंडातला बरा न होणारा पांढरा-लाल चट्टा किंवा जखम वेळेत डॉक्टरांच्या नजरेस पडली, तर पुढचा कॅन्सरचा धोका टळू शकतो. एका मुलीच्या असण्याने एवढा फरक पडतो.

आता कामाचं बघू. पेशंटची नोंद, वेळा देणं, खुर्ची तयार ठेवणं, डॉक्टर काम करताना तोंडातली लाळ-पाणी ओढणारी नळी धरणं, हत्यारं धुऊन निर्जंतुक करणं, हे तिचं काम. हत्यारांचं यंत्र म्हणजे आपल्या कुकरचंच तत्त्व, दाबाखालची वाफ. १२१ अंशाला निदान १५ मिनिटं, पाकिटात बांधलेली असतील तर जास्त. नुसतं उकळून सगळे जंतू मरत नाहीत, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवायला हवं. तिचं काय काम नाही, तेही माहीत हवं. १९४८च्या दंतवैद्यक कायद्याने दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टची आणि कवळ्या बनवणाऱ्या मेकॅनिकची नोंदणी ठरवून दिली. खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या मुलीला त्यात जागाच नव्हती. तेव्हा "आज तूच दात साफ कर" असं कुणी म्हटलं, तर तिने स्पष्ट नाही म्हणावं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुईची. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला कचरा आवरताना वापरलेली सुई टोचली. तिला सांगण्यात आलं, "काही होत नाही, पट्टी लाव." कावीळ ब ची लस तिला दिलेलीच नव्हती. पुढचे कित्येक दिवस त्या घरात कुणाला झोप नव्हती. तपासण्या नीट आल्या, पण मुलीने ते काम कायमचं सोडलं.

वास्तविक २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हे सारं सांगून ठेवलंय. असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वाताची लस देणं ही मालकाची जबाबदारी. कावीळ ब चे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे-नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. सुई टोचलीच तर जागा पिळू नये, बोट तोंडात घालू नये. साबण-पाण्याने धुवावं, लगेच डॉक्टरांना सांगावं आणि सरकारी रुग्णालय गाठावं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, सुरू करावी लागतात.

म्हणून मुलीला कामाला पाठवण्याआधी आईने किंवा मोठ्या बहिणीने स्वतः एकदा दवाखान्यात जाऊन यावं. संकोच नको. पगार किती, किती तारखेला? सुट्टी कोणती? लस कधी देणार? हातमोजे, मास्क, एप्रन मिळणार का? शेवटचा पेशंट उशिरा संपला तर मुलगी घरी कशी पोहोचणार? दवाखान्यात आणखी कोणी बाई असते का? कामाचं चार ओळींचं पत्र मागावं. किमान वेतन कायद्याने ठरलेलं असतं, ती काही मेहेरबानी नव्हे. आणि कुणी वावगं वागलंच, तर २०१३च्या कायद्याने दाद मागता येते. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, तेही तीन महिन्यांच्या आत.

डॉक्टरमंडळींनाही एक सांगणं आहे. काचेवरच्या कागदावर 'मुलगी पाहिजे' एवढंच लिहू नका. काम, वेळ, पगार लिहा. 'मुलगी'च कशाला? मुलं शाळेत जायला लागलेली, घरचं सांभाळून बाहेर पडू पाहणारी तीस-पस्तिशीची बाईही हे काम उत्तम करते. ती नोकरी सहसा सोडत नाही, पेशंट तिचं ऐकतात. महिला मंडळात, बचत गटाच्या बैठकीत येऊन सांगा. पहिले पंधरा दिवस शिकवण्याचे धरा, पण त्या दिवसांचेही पैसे द्या. लांबच्या गावची असेल तर सकाळची पाळी तिला, संध्याकाळची जवळच्या मुलीला, अशी वाटणी करा. दोघी टिकतील.

तुमच्या गावात बारावी होऊन घरी बसलेली पोर असेल, तर हे कात्रण तिच्या आईला वाचायला द्या. आणि पहिल्या दिवशी तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत कुणीतरी जरूर जा.