शॉर्टवेव्ह ऐकायला शिकताना

१९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. काँग्रेस रेडिओ श्रोत्यांना आपला ठावठिकाणा सांगे तो एवढाच : ४२.३४ मीटर. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी हे केंद्र पकडले. पण ते कोणाकोणाच्या घरी ऐकले जात होते, हे लहरींवरून कळण्याचा मार्ग नव्हता. पुढे १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनवर नेला आणि बुधवारची बिनाका गीतमाला घरोघरी रुजली.

दोन्ही गोष्टींचे मर्म एकच. शॉर्टवेव्ह, म्हणजे लघुलहरी, ऐकताना केंद्र आणि कान यांच्यामध्ये कोणी नसते. मोबाइलवर काय ऐकले याची कुठेतरी नोंद होते. रेडिओ फक्त घेतो, परत काही कळवत नाही. इंटरनेट बंद पडले तरी त्याचे काही अडत नाही. म्हणून ही विद्या आपल्याला येत असावी.

आधी आकडे समजून घेऊ. ३,००,००० ला मीटरने भागले की किलोहर्ट्झ मिळतात. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७०८५ किलोहर्ट्झ, आजच्या ४१ मीटरच्या पट्ट्याशेजारी. जुन्या सेटवर मीटर छापलेले असतात, नव्या सेटवर किलोहर्ट्झ दिसतात. सेटमध्ये ५९०० ते १७९०० एवढा भाग असला की सुरुवातीला पुरे.

या लहरी वर जाऊन आयनांबरावरून परततात आणि शेकडो-हजारो किलोमीटरवर उतरतात. म्हणूनच जवळचे केंद्र कधी मुळीच लागत नाही आणि परदेशातले खणखणीत ऐकू येते. दिवसा आयनांबराचा खालचा थर कमी कंप्रतेच्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो. तेव्हा दुपारी १९ आणि १६ मीटर शोधावेत, रात्री ४९, ४१ आणि ३१. आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो, तो सेटचा दोष नव्हे.

आज खरा अडथळा घरातच आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि सेटटॉप बॉक्स यांच्या खरखरीत दूरचे केंद्र बुडते. सेट सेलवर चालवावा आणि खिडकीशी किंवा गच्चीवर न्यावा. आठ-दहा मीटर वायरचे एक टोक सोलून एरियलला गुंडाळावे, बाकीची वायर खिडकीबाहेर सोडावी. विजा चमकू लागण्याआधी मात्र ती काढून ठेवावी.

मग एका संध्याकाळी एकच पट्टा घ्यावा आणि काटा अगदी सावकाश सरकवावा. भाषा कळली नाही तरी थांबावे. तासाच्या ठोक्याला बहुतेक केंद्रे आपले नाव सांगतात. वहीत तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, भाषा आणि आवाजाची प्रत लिहावी. केंद्रांची वेळापत्रके जागतिक वेळेत असतात. तीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. ती मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात, त्यामुळे ओळखीचे केंद्र गायब झाले तर नव्याने शोधावे. ऐकल्याचा तपशील केंद्राला कळवला तर काही केंद्रे पोचपावतीचे कार्डही पाठवतात.

केंद्रे कमी होत आहेत, हे खरे. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला थांबली. तरी आजही चीनसह अनेक देशांची केंद्रे सुरू आहेत. ऐकणारा कान मात्र ऐन गरजेच्या वेळी तयार करता येत नाही. तो आताच, रोज अर्धा तास देऊन तयार करावा लागतो.