अनुभवाधिष्ठित अध्ययन आणि व्यवस्थापन शिक्षण : जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
वाणिज्य व व्यवस्थापन या ज्ञानशाखा प्रत्यक्ष व्यवहारातून विकसित झाल्या. परंतु त्यांचे अध्यापन दीर्घकाळ व्याख्यान व टिपणे यांवरच विसंबून राहिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रात 2023-24 पासून पदव्युत्तर प्रथम वर्षात कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्पास 4 श्रेयांक देण्यात आले. श्रेयांक मिळाले म्हणजे अध्ययन घडले, असे मात्र नव्हे.

संकल्पना :
प्रत्येक अनुभव शैक्षणिक असतोच असे नाही, हे जॉन ड्यूई यांनी 1938 मध्येच स्पष्ट केले होते. डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये अध्ययनचक्राचे चार टप्पे मांडले : प्रत्यक्ष अनुभव, चिंतनात्मक निरीक्षण, संकल्पनानिर्मिती व सक्रिय प्रयोग. पहिल्याच टप्प्यावर थांबलेली क्षेत्रभेट केवळ सहल ठरते.

जालना जिल्ह्यातील संधी :
1 मे 1981 रोजी निर्माण झालेल्या या जिल्ह्यात बियाणे, पोलादी सळया, मोसंबी व रेशीमकोष यांचे व्यवहार महाविद्यालयांच्या निकट चालतात. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये येथे महिकोची स्थापना केली आणि जालन्याला बियाणे उद्योगाचे केंद्र म्हणून ओळख मिळाली.
याच उद्योगाचे उदाहरण घेता येईल. अखेरच्या मालसाठ्याचे मूल्यांकन खर्चमूल्य व निव्वळ वसुलीयोग्य मूल्य यांपैकी कमी असलेल्या रकमेने करावे, हा नियम विद्यार्थी पाठ करतो. बियाण्याच्या गोदामात त्याला नियमाचे कारण दिसते. पाऊस लांबला की मागणी घटते, साठा उरतो व उगवणक्षमता पुन्हा तपासावी लागते. ती प्रमाणाखाली गेल्यास बियाणे म्हणून विक्री होत नाही. विषारी औषधांची प्रक्रिया केलेले असल्यास ते धान्य म्हणूनही विकता येत नाही. वर्गात परतल्यावर हाच साठा ताळेबंदात कोणत्या रकमेने दाखवावा, हा प्रश्न त्याने स्वतः सोडविला आणि पुढील हंगामाचे उत्पादन-अंदाजपत्रक मांडले, तर चक्र पूर्ण होते.

मर्यादा :
उद्योजक हिशेबाची गोपनीयता जपतात. मोठ्या वर्गाला एकाच वेळी प्रवेश देणे त्यांना शक्य नसते. विद्यार्थिनींच्या प्रवासाचा व सुरक्षिततेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. शिवाय मूल्यमापन उपस्थिती-प्रमाणपत्रावर झाल्यास तासिका भरतात, आकलन वाढत नाही.

निष्कर्ष :
अनुभवाधिष्ठित अध्ययनात प्राध्यापकाची भूमिका कमी होत नाही, तर बदलते. भेटीपूर्वी प्रश्न निश्चित करणे, साप्ताहिक नोंदवही तपासणे व भेटीनंतर चर्चेतून सिद्धांतापर्यंत नेणे, ही कार्ये त्यालाच करावी लागतात. या कार्यासाठी वेळापत्रकात स्वतंत्र तासिका ठेवल्यासच कार्यप्रशिक्षण खऱ्या अर्थाने शिक्षण ठरेल.