स्तनातील दुर्मिळ गाठी व बारीक सुईची तपासणी

स्तनात गाठ हाताला लागली की बहुतेक भगिनींच्या मनात एकच शब्द येतो आणि त्या शब्दाच्या धास्तीने ती गाठ महिनोन्महिने लपविली जाते. खडकवासला, किरकटवाडी, डोणजे या परिसरातून येणाऱ्या रुग्णांबाबत हा अनुभव नित्याचा आहे. वास्तविक स्तनातील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि तज्ज्ञांच्या सहवासात जे उमगले, ते हितचिंतकांपुढे ठेवीत आहे.

'एफ.एन.ए.सी.' या तपासणीत इंजेक्शनसारखी बारीक सुई गाठीत घालून सिरिंजच्या ओढीने थोड्या पेशी काढतात. त्या काचपट्टीवर पसरून, रंगवून पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. टाका पडत नाही, रुग्णालयात राहावे लागत नाही आणि खर्चही अल्प येतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील मार्टिन व एलिस यांनी १९३० साली या पद्धतीवरील निबंध प्रसिद्ध केला. पुढे स्वीडनमधील डॉक्टरांनी तिचा विशेष विकास केला.

तरुण स्त्रियांत नेहमी आढळणारी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ या तपासणीत बहुधा सहज ओळखू येते. खरी कसोटी लागते ती दुर्मिळ गाठींच्या बाबतीत. रशियन वैद्य अब्रिकोसॉफ यांनी १९२६ साली वर्णिलेला ग्रॅन्युलर सेल ट्यूमर स्तनात झाल्यास गाठ टणक लागते, कधी वरची त्वचा आत ओढली जाते आणि मॅमोग्राफीतही कर्करोगाचा भास होतो. काचपट्टीवर मात्र कणीदार द्रव्याने भरलेल्या मोठ्या पेशी व त्यांतील लहान, गोल केंद्रके दिसतात. ही ओळख वेळीच पटली, तर केवळ गाठ काढून भागते आणि स्तन वाचतो.

याउलट फायलोडिस ट्यूमर काचपट्टीवर फायब्रोअ‍ॅडिनोमासारखा दिसू शकतो. तो बहुधा सौम्य असला, तरी अपुरा काढल्यास पुन्हा उद्भवतो. अ‍ॅडिनोमायोएपिथेलिओमा या गाठीत दोन प्रकारच्या पेशींचे मिश्रण असल्याने कर्करोगाची शंका येऊ शकते. सुईच्या मर्यादा येथे स्पष्ट होतात.

म्हणून हिशेबनीस ज्याप्रमाणे रोजकीर्द, खातेवही व बँकेचे विवरण यांचा मेळ घालतो, त्याप्रमाणे डॉक्टर प्रत्यक्ष तपासणी, सोनोग्राफी वा मॅमोग्राफी आणि सुईचा अहवाल असे तिन्ही ताळे जुळवून पाहतात. मेळ न बसल्यास जाड सुईने गाठीचा तुकडा काढून बायोप्सी केली जाते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या योकोहामा पद्धतीत अहवालाचे अपुरा नमुना, सौम्य, असामान्य, संशयास्पद व कर्करोग असे पाच वर्ग केले आहेत. 'अपुरा नमुना' म्हणजे 'निर्दोष' नव्हे, हे रुग्णांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. अशा वेळी तपासणी पुन्हा करून घ्यावी लागते.

सुई टोचल्याने गाठ बिघडते, हा गैरसमज आजही कानी येतो. या भीतीपायी तपासणी टाळल्यास कर्करोग असलेली स्त्री उपचाराचा मोलाचा काळ गमावते आणि नसलेली स्त्री अकारण चिंतेत दिवस काढते. वाचकांनी हा मजकूर आपल्या घरातील व शेजारच्या भगिनींपर्यंत पोहोचवावा आणि गाठ आढळताच त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे यावे, ही नम्र विनंती.