साठ दिवसांचे घड्याळ आणि कुवेतचे तेल

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. सैन्याचा सरसेनापती मात्र राष्ट्राध्यक्ष. कागदावर हे सुटसुटीत दिसते. पण अमेरिकेने रीतसर युद्ध शेवटचे पुकारले १९४२ मध्ये. त्यानंतरचे कोरिया, व्हिएतनाम, इराक, सगळे त्या घोषणेवाचूनच झाले.

व्हिएतनामने पोळलेल्या काँग्रेसने ७ नोव्हेंबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काढत ‘वॉर पॉवर्स रिझोल्यूशन’ मंजूर केले. याच्या तीनच आठवडे आधी अरब तेलउत्पादकांनी पुरवठ्याला कात्री लावली होती आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागण्याचे दिवस जवळ आले होते. दोन्ही गोष्टी एकाच हंगामातल्या असल्या, तरी त्यांची खरी गाठ पडली चौदा वर्षांनी, इराणच्या आखातात.

कायदा चालतो असा. राष्ट्राध्यक्षांनी सैन्य लढाईत उतरवले, किंवा लढाई अगदी तोंडावर आहे अशा जागी पाठवले, की ४८ तासांत काँग्रेसला लेखी कळवायचे. तिथून ६० दिवस मोजायचे. तेवढ्यात मंजुरी मिळाली नाही तर सैन्य मागे घ्यायचे. सुरक्षित माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस. मेख आहे ती पत्रात. कायद्यात तीन प्रकारच्या प्रसंगी पत्र पाठवायला सांगितले आहे, पण साठ दिवसांचे घड्याळ फक्त पहिल्या प्रकाराने, म्हणजे लढाईच्या पत्राने सुरू होते. पत्र ‘दिले’ तेव्हा किंवा ‘द्यायला हवे होते’ तेव्हापासून मोजणी, अशीही तरतूद आहे. पण द्यायला हवे होते की नाही, हे ठरवणार कोण? त्याचे उत्तर कायद्यात नाही. सैन्य परत आणण्याचा आदेश राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय, केवळ दोन्ही सभागृहांच्या ठरावाने देण्याची सोयही कायद्यात होती. अशा ठरावांची ताकद सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये एका स्थलांतरविषयक खटल्यात काढून घेतली.

आता आखाताकडे. इराण-इराक युद्धात १९८४ पासून इराकने इराणचे तेल नेणाऱ्या टँकरवर जोरात हल्ले सुरू केले. इराणला तशीच परतफेड करता येईना, कारण इराकचे तेल जहाजाने जातच नव्हते. ते नळांमधून तुर्कस्तानकडे वाहत होते. मग इराणने इराकच्या पाठीराख्यांची, विशेषतः कुवेतकडे येणारी-जाणारी जहाजे धरली. कुवेतने मोठी चलाखी केली. संरक्षण द्या म्हणून त्याने मॉस्को आणि वॉशिंग्टन दोघांनाही विचारले. सोव्हिएत संघाने तीन टँकर भाड्याने देऊ केले. आखातात रशियन पाऊल पडणार म्हटल्यावर रेगन सरकार लगबगीने तयार झाले.

तोडगा निघाला तो झेंड्याचा. कुवेतचे अकरा टँकर डेलावेअर राज्यात नोंदवलेल्या एका कंपनीच्या नावावर आले, नवी नावे आणि अमेरिकी कप्तान घेऊन अमेरिकी झेंड्याखाली फिरू लागले. तेल कुवेतचेच, पण आपल्या झेंड्याची जहाजे जपणे हे नौदलाचे जुने काम. त्यासाठी काँग्रेसची वेगळी परवानगी कशाला, असा हा हिशेब.

ही व्यवस्था चालू होण्याआधीच, १७ मे १९८७ रोजी, इराकी विमानाच्या दोन क्षेपणास्त्रांनी ‘स्टार्क’ या अमेरिकी युद्धनौकेवरचे ३७ नौसैनिक मारले. इराकने चूक झाल्याचे सांगितले. जुलैत पहिला काफिला निघाला आणि २४ तारखेला त्यातला ‘ब्रिजटन’ फारसी बेटाजवळ पाणसुरुंगावर आदळला. भोक पडूनही हा अजस्र टँकर चालत राहिला, आणि रक्षणाला आलेल्या युद्धनौका त्याच्या मागे ओळीने लागल्या! सुरुंगाचा तडाखा त्यांच्या पातळ पत्र्यापेक्षा टँकरलाच जास्त सोसणार होता.

एवढे झाल्यावरही ‘लढाई तोंडावर’ हे सरकार मान्य करीना. गंमत म्हणजे त्याच उन्हाळ्यात आखातातल्या नौसैनिकांना धोक्याचा भत्ता लागू झाला होता. भत्त्याचे नियम वेगळे, युद्धाधिकाराचा कायदा वेगळा, असे त्यावर उत्तर मिळाले. प्रतिनिधिगृहाचे ११० सदस्य न्यायालयात गेले. डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी खटला फेटाळला: हा वाद राजकीय शाखांनी आपसात मिटवावा.

तर मग कायदा कुचकामी ठरला का? मला तसे वाटत नाही. त्याने कारवाई थांबवली नाही, पण तिला आकार दिला. सप्टेंबर १९८७ मध्ये सुरुंग टाकताना सापडलेल्या ‘इराण अज्र’ या इराणी जहाजावर हल्ला, ऑक्टोबरमध्ये झेंडा बदललेल्या ‘सी आइल सिटी’ या टँकरला क्षेपणास्त्र लागल्यावर इराणी तेलफलाटांचा नाश, एप्रिल १९८८ मध्ये ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्‌स’ ही अमेरिकी युद्धनौका सुरुंगावर आदळल्यानंतर इराणी नौदलाशी दिवसभराची चकमक. प्रत्येक वेळी काँग्रेसला पत्र गेले, ते कायद्याला ‘धरून’, कायद्या‘नुसार’ नव्हे. हल्ला झाला, उत्तर दिले, प्रकरण संपले, असा त्यांचा सूर. घड्याळ चालू होऊ द्यायचे नसेल तर लढाईचे तुकडे पाडावे लागतात, आणि तुकडा लहान ठेवावा लागतो.

तेलाचा व्यापार अशा तुकड्यांसोबत जगू शकला. चारशेहून अधिक व्यापारी जहाजांवर हल्ले झाले, शेकडो खलाशी मेले, पण होर्मुझची सामुद्रधुनी वाहती राहिली. कच्च्या तेलाने भरलेला मोठा टँकर सहजी बुडत नाही. शिवाय १९८६ मध्ये तेलाचा भाव कोसळून पिंपामागे दहा डॉलरच्या आसपास आला होता. जगात तेल उदंड होते. धोक्याची किंमत विमा कंपन्या वसूल करीत. युद्धजोखमीचा जादा हप्ता साधारणतः सात दिवसांपुरता असतो, आठवा दिवस उजाडला की नवा भाव. साठ दिवस कुणाला दिसतात?

तुकडे लहान असले म्हणून माणसे वाचतात असे नाही. ३ जुलै १९८८ रोजी ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराण एअरचे प्रवासी विमान पाडले. २९० जण गेले. त्यांत दहा भारतीय होते.

आपल्याकडे असा कायदाच नाही. जून २०१९ मध्ये ओमानच्या आखातात टँकरवर हल्ले झाल्यावर भारतीय नौदलाने ‘ऑपरेशन संकल्प’ सुरू केले, त्यासाठी संसदेत मतदान घ्यावे लागले नाही. मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावर उतरून माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांत जाणाऱ्या आखाती तेलाचा मार्ग तोच, त्यामुळे फारशी कुणी हरकतही घेतली नाही.

अमेरिकेत तोच खेळ २०२० मध्ये पुन्हा रंगला. ३ जानेवारीला बगदादमध्ये अमेरिकी हल्ल्यात इराणी सेनानी कासीम सुलेमानी मारले गेले आणि ब्रेंट तेलाने सत्तर डॉलर ओलांडले. इराणने मोजके प्रत्युत्तर देताच काही दिवसांत भाव खाली आला. काँग्रेसचे काम तिच्या गतीने चालू होते. इराणशी लढण्याआधी मंजुरी घ्या, हा ठराव फेब्रुवारीत सिनेटने आणि मार्चमध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केला. ट्रम्प यांनी ६ मे रोजी नकाराधिकार वापरला. दुसऱ्याच दिवशी तो उलटवण्यासाठी सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४४ मते पडली, दोन तृतीयांशांना बरीच कमी. तोवर करोनाने जग घरी बसवले होते, आणि २० एप्रिलला न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अमेरिकी तेलाचा भाव शून्याखाली जाऊन आला होता.