मालदीवचं २००८ साल : रईस बदलले, न्यायाधीश तेच राहिले

मालदीव म्हटलं की आपल्याकडे निळं पाणी, पाण्यावरच्या लाकडी खोल्या आणि हनिमूनचं पॅकेज एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण हा आपल्या अगदी शेजारचा देश आहे. लक्षद्वीपच्या दक्षिण टोकाला मिनिकॉय बेट आहे, तिथले लोक मालदीवचीच दिवेही भाषा बोलतात, फक्त तिला महल म्हणतात. दिवेहीची ताना लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे लिहितात. तिची पहिली नऊ अक्षरं चक्क अरबी आकड्यांवरून घेतलेली आहेत. उर्दू वाचणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं की आपल्याला हे वाचता येईल, आणि मग एक शब्दही लागत नाही!

सुमारे १२०० छोटी बेटं, त्यातल्या २०० च्या आसपास बेटांवर वस्ती, २००६ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम तीन लाख. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. सगळे नागरिक मुसलमान. अशा या देशात २००८ मध्ये जे घडलं ते आपण नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण "मुस्लिम देशात लोकशाही चालत नाही" हे वाक्य आपल्याला दर दोन दिवसांनी कुणीतरी ऐकवतं.

आधी जुनी पद्धत बघू. मामून अब्दुल गय्यूम ११ नोव्हेंबर १९७८ रोजी रईस, म्हणजे राष्ट्राध्यक्ष झाले. कैरोच्या अल-अजहरमध्ये शिकलेला विद्वान माणूस. १९८८ मध्ये भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी माले शहरावर हल्ला केला तेव्हा त्यांनी भारताची मदत मागितली आणि आपलं सैन्य तिथे उतरलं, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यांच्या काळात पर्यटन वाढलं, शाळा झाल्या, हे नाकारता येणार नाही. पण निवडणूक कशी व्हायची? मजलिस, म्हणजे तिथली संसद, एकच नाव ठरवायची आणि लोकांनी त्या नावावर फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. दुसरा उमेदवारच नाही. २००३ मध्ये गय्यूम साहेबांना अशीच ९० टक्क्यांवर मतं पडली आणि ते सहाव्यांदा रईस झाले. मजलिसच्या ५० सदस्यांपैकी ८ जण रईस स्वतः नेमायचे. हायकोर्टाचे न्यायाधीशही तेच नेमायचे. एवढंच काय, दीनच्या प्रचाराचा सर्वोच्च अधिकारही घटनेने त्यांच्याच हातात दिलेला होता. सरकार, फौज, न्याय आणि मिंबर, सगळ्याची दोरी एका माणसाकडे.

हे बिनसलं २००३ च्या सप्टेंबरमध्ये. माफुशी तुरुंगात एका तरुण कैद्याचा मारहाणीत मृत्यू झाला आणि मालेत लोक रस्त्यावर आले. पुढे आणखी आंदोलनं, अटका, २००४ ची त्सुनामी, बाहेरच्या देशांचा दबाव. शेवटी २००५ मध्ये राजकीय पक्षांना परवानगी मिळाली आणि नव्या घटनेचं काम पुढे सरकलं.

२००८ ची सुरुवात मात्र भीतीदायक झाली. ८ जानेवारीला होराफुशी बेटावर स्वागताच्या गर्दीतून एक तरुण चाकू घेऊन गय्यूम यांच्यावर धावून गेला. रांगेत उभ्या असलेल्या एका स्काऊटच्या पोराने मध्ये पडून तो चाकू हाताने धरला. रईस वाचले, पोराच्या हाताला जखम झाली. वय वर्षं १५. आपल्याकडे दहावीला बसणारं पोर!

७ ऑगस्टला नव्या घटनेवर सही झाली. रईस फक्त दोनदा, पाच-पाच वर्षांसाठी. स्वतंत्र निवडणूक आयोग. पहिल्यांदाच सुप्रीम कोर्ट. रईसपदासाठी बाईला असलेली बंदी काढली. नागरिकत्वाला मुसलमान असण्याची अट मात्र या घटनेत घातली गेली, त्यावर बाहेरच्या देशांत टीका होते आणि ती टीका अगदीच हवेतली आहे असं मला वाटत नाही.

घटनेने पहिल्या निवडणुकीला मुदत घातली होती १० ऑक्टोबर. म्हणजे हातात दोन महिने, त्यातला एक रमजानचा. रोजे सुरू असताना प्रचार झाला, आणि ईदनंतर आठवडाभरात, ८ ऑक्टोबरला मतदान. सहा उमेदवार होते. काही ठिकाणी यादीत नावं सापडेनात म्हणून गोंधळ झाला, मतदानाची वेळ वाढवावी लागली. तरी ८५ टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं. गय्यूम यांना साधारण ४० टक्के, मोहम्मद नशीद यांना २५. निम्म्याच्या वर कुणीच नाही, म्हणून दोघांत दुसरी फेरी.

नशीद त्या वेळी ४१ वर्षांचे. पत्रकार, गय्यूम यांच्या काळात पुन्हा पुन्हा तुरुंगात गेलेले. त्यांच्या पक्षाच्या वचनांमध्ये मोठमोठे शब्द नव्हते. बेटांना जोडणारी नियमित बोट, परवडणारं घर, परवडणारं औषधपाणी, महागाई कमी करणं आणि नशेच्या विळख्यातून तरुणांना सोडवणं. ज्या बेटावरून दवाखान्यात जायचं तर बोटीची वाट बघावी लागते, तिथल्या माणसाला हे लगेच कळतं. पहिल्या फेरीत हरलेले हसन सईद आणि उद्योगपती कासिम इब्राहिम दोघेही नशीद यांच्या बाजूला गेले. हे दोघे गय्यूम यांच्याच सरकारात मंत्री राहिलेले! धार्मिक विचारांचा अदालत पक्षही नशीद यांच्यासोबत आला.

२८ ऑक्टोबरला दुसऱ्या फेरीचं मतदान झालं. नशीद ९७,२२२, गय्यूम ८२,१२१. दुसऱ्याच दिवशी गय्यूम यांनी हार मान्य करून नशीद यांचं अभिनंदन केलं. तीस वर्षं गादीवर बसलेला माणूस उठला आणि गोळी चालली नाही. ११ नोव्हेंबरला, गय्यूम पहिल्यांदा रईस झाले त्याच तारखेला, नशीद यांनी शपथ घेतली.

बहुतेक बातम्या इथे संपल्या. पण खरी मेख त्या घटनेच्या शेवटच्या भागात, कलम २८५ मध्ये होती. जुन्या हुकूमतीत नेमलेले न्यायाधीश नव्या नियमांत बसतात का, हे एका आयोगाने दोन वर्षांच्या आत तपासायचं होतं. अनेकांकडे कायद्याची पूर्ण पदवीही नव्हती. प्रचारात या कलमावर कोण बोलणार? बोटीच्या तिकिटावर मत मिळतं, न्यायाधीशांच्या पात्रतेवर नाही. शिवाय मजलिसमध्येही नशीद यांना बहुमत कधी मिळालं नाही. २००९ च्या निवडणुकीत गय्यूम यांचाच पक्ष पुढे राहिला.

ऑगस्ट २०१० मध्ये मुदत संपली. आयोगाने ही तपासणी म्हणजे नुसती औपचारिकता आहे असं ठरवलं आणि जवळपास सगळ्यांना कायम केलं. आयोगातल्याच एका महिला सदस्याने उघड विरोध केला, तो ऐकला गेला नाही. सरकार आणि न्यायालय यांच्यातली ओढाताण वाढत गेली, आणि जानेवारी २०१२ मध्ये नशीद सरकारने फौजदारी न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशालाच फौजेकडून उचललं. न्यायाधीश कितीही वादग्रस्त असो, हा मार्ग चुकीचाच होता. तीन आठवडे निदर्शनं चालली, पोलिसांतले काही जण त्यांना मिळाले आणि ७ फेब्रुवारीला नशीद यांनी राजीनामा दिला. तो जबरदस्तीने घेतला असं ते म्हणाले. चौकशी आयोगाने मात्र हा सत्तापालट नव्हता असा निष्कर्ष काढला. पुढच्या वर्षी नशीद पहिल्या फेरीत आघाडीवर होते, ते मतदान सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. फेरमतदानात गय्यूम यांचे सावत्र भाऊ अब्दुल्ला यामीन निवडून आले.

याच यामीन यांच्या काळात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, गय्यूम यांनाही अटक झाली. तोवर ते नशीद यांच्या बाजूने विरोधकांच्या आघाडीत उभे होते. त्याच वर्षी यामीन मतदानात हरले, आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी आलेले इब्राहिम सोलिह. २००८ च्या घटनेने दोन मुदतींची मर्यादा घातली होती. आजवर एकाही रईसला लोकांनी दुसरी मुदत दिलेली नाही.