सगळे नरच कसे?

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत शिलाई मशीन असायचं, त्या कोपऱ्यात आता दोन फुटी काचेची टाकी आहे. आत अर्धी करवंटी पालथी घातलीय, कडेला बोट जाईल एवढी फट ठेवून. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी एका सकाळी त्या फटीतून लिंबासारखं पिवळं तोंड बाहेर डोकावलं. चार दिवसांपूर्वीपर्यंत ही मादी मळकट करडी होती. आता अंगावर ठसठशीत काळा डाग, पोटाखालच्या परांना काजळ घातल्यासारखी कड. स्वतःच्या दीडपट नराला तिने असं पिटाळलं की बिचारा स्पंज फिल्टरमागे अंग चोरून उभा. करवंटीच्या छताला आतून अंडी चिकटवलेली होती.

या माशाचं नाव अ‍ॅपिस्टोग्रामा कॅकाटुऑइडीस. मूळ गाव अ‍ॅमेझॉनचं वरचं खोरं, पेरूकडचे पालापाचोळ्याने भरलेले ओढे. नराच्या पाठीवरचे पुढचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उभे राहतात, म्हणून हे नाव. नर आठेक सेंटिमीटर, मादी जेमतेम पाच. सिक्लिड घराण्यातले हे बुटके. घराणं आपल्याला परकं नाही. पवई तलावात गळाला लागणारी चिलापी यातलीच, मूळची आफ्रिकेची, 1952 साली भारतात आणलेली. गोव्याकडची काळुंदरही यांचीच भाऊबंद, आणि ती मात्र अस्सल इथली.

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान. तानसा, वैतरणा, भातसा म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून वाहून आलेला पाऊस. बोअरच्या पाण्यापेक्षा तो पुष्कळ मऊ, आणि अ‍ॅपिस्टोला मऊच पाणी लागतं. अडचण क्लोरीनची. तो माशांचे कल्ले जाळतो. एकदा कामावर निघायच्या घाईत नळाखालची बादली तशीच टाकीत ओतली; संध्याकाळी तळाशी सगळी पिल्लं पांढुरकी पडलेली. तेव्हापासून मोरीत एक झाकलेलं पिंप फक्त माशांचं; क्लोरीन उडेपर्यंत पाणी त्यातच राहतं. (झाकण हवंच. उघड्या पाण्यात आधी डास पिल्लं काढतात.) पाणी थोडं आंबट करायला वाळलेली बदामाची पानं. दुकानात ती पाकिटातून विकतात, आणि रस्त्यावरच्या देशी बदामाखाली सकाळी झाडूवाल्याच्या आधी पोचलं तर हवी तेवढी फुकट मिळतात. चार दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं दिसू लागतं.

अंडी तीनेक दिवसांत फुटली. आठवडाभराने मादी पिल्लांचा पुंजका घेऊन बाहेर पडली. तिने पोटाचे पर झटकले की सगळी पिल्लं एकदम वाळूवर बसायची, जणू दिवा मालवला. खायला मिठाच्या पाण्यात उबवलेली आर्टेमियाची पिल्लं, दिवसातून दोनदा. दिवाळीनंतर तुरे दिसू लागले तेव्हा कोडं पडलं. एक सोडून सगळे नर.

मला वाटलं, माद्या अशक्त निघून मेल्या असाव्यात. खरं कारण तापमानाचं होतं. आपल्यात मूल मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरतं. या माशांत बऱ्याच अंशी ते नंतर ठरतं. ऊवे रोमर आणि वोल्फगांग बायझेनहेर्ट्स या जर्मन संशोधकांनी अ‍ॅपिस्टोग्रामाच्या 37 जातींची पिल्लं 23, 26 आणि 29 अंश सेल्सिअसला वाढवून पाहिली. 1996 साली त्यांनी निष्कर्ष छापला: बहुतेक जातींत पाणी जितकं गरम तितके नर जास्त. कौल लागतो तो अंडी घातल्यापासूनच्या पहिल्या महिना-सव्वा महिन्यात. अनेक माशांत नरसंप्रेरकाचं मादीसंप्रेरकात रूपांतर करणारं अ‍ॅरोमॅटेज नावाचं विकर उष्णतेने मंदावतं. ते मंदावलं की अंडाशय व्हायच्या जागी वृषण घडतं. आफ्रिकेतल्या क्रिबेन्सिस या चुलतभावात पाण्याचा आंबटपणाही पारडं फिरवतो: आंबट पाण्यात नर जास्त.

माझी पिल्लं वाढली ऑगस्ट-सप्टेंबरात, पाणी 29-30 अंशांवर. दुकानदाराला हे चालतं, नरच रंगीत आणि नरालाच भाव. पण एका नरामागे दोन-तीन माद्या नसतील तर पुढची वीण कुठून येणार? टाकीवर पंखा लावून पाहिला. पंखा पाणी गार करतो ते बाष्पीभवनाने, आणि आपल्या दमट हवेत ते होतंच कितीसं! बर्फाच्या पिशव्यांनी तापमान खाली-वर उड्या मारतं, ते तर वाईटच.

शेवटी साधी गोष्ट केली. डिसेंबर येईपर्यंत करवंटी काढून ठेवली. थंडीत आमच्या खोलीतलं पाणी रात्री 24 वर उतरतं, दिवसा 26 च्या वर जात नाही. नाताळच्या आठवड्यात करवंटी परत ठेवली, बारा दिवसांनी मादी पिवळी झाली. मार्चअखेर टाकीत भांडणं सुरू झाली. बोटाच्या दोन पेरांएवढ्या पोरी, अंगाने लिंबू, एका करवंटीच्या फटीसाठी एकमेकींना ढुशा देत होत्या. सात मोजल्या. परवा सोलकढीला नारळ फोडला, तेव्हा दोन्ही करवंट्या बाजूला काढून ठेवल्या.