पदवीचे मूल्य आणि गुणवत्तेची घसरण : अमेरिकेचा अनुभव व महाराष्ट्रातील उच्च शिक्षण

प्रस्तावना :

मुळशी तालुक्यातील सूस हे गाव जून २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्याच्या एका बाजूस पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि २००६ मध्ये स्थापन झालेली 'आयसर' ही विज्ञान संस्था आहे, दुसरीकडे हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे आणि लवळ्याच्या टेकडीवर सिम्बायोसिस विद्यापीठाचा परिसर आहे. ज्ञानसंस्था व रोजगार यांच्या इतक्या निकट असलेल्या अशा गावातील पहिल्या पिढीच्या पदवीधराला पदवीमुळे नेमके काय प्राप्त होते, हा उच्च शिक्षणाच्या दर्जाविषयीच्या चर्चेतील मूलभूत प्रश्न आहे. दर्जा घसरल्याची तक्रार जुनीच आहे. ही घसरण कोणत्या मार्गाने होते आणि तिची किंमत कोण मोजतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमेरिकेतील अनुभव :

उच्च शिक्षणाचा आदर्श म्हणून ज्या देशाकडे पाहिले जाते, त्या अमेरिकेतही हा प्रश्न तीव्र आहे. रिचर्ड अरम व जोसिपा रोक्सा यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या चिकित्सक विचारशक्तीची, युक्तिवादाची व लेखनाची चाचणी घेण्यात आली होती. महाविद्यालयातील पहिल्या दोन वर्षांत सुमारे ४५ टक्के विद्यार्थ्यांमध्ये या कौशल्यांबाबत लक्षणीय प्रगती दिसली नाही. यामागील एक कारण त्याच अभ्यासातून स्पष्ट होते. चाचणीपूर्वीच्या सत्रात निम्म्या विद्यार्थ्यांनी वीस पानांहून अधिक लेखन करावे लागेल असा एकही विषय घेतलेला नव्हता.

अध्ययन कमी होत असताना श्रेणी मात्र वाढत गेल्या. हार्वर्ड विद्यापीठाच्या २०२५ मधील अहवालानुसार पदवीपूर्व विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या श्रेणींपैकी सुमारे ६० टक्के 'अ' श्रेणी होत्या. दोन दशकांपूर्वी हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. प्रिन्स्टन विद्यापीठाने २००४ मध्ये 'अ' श्रेणींचे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याचे धोरण स्वीकारले होते. इतर विद्यापीठे उदार असताना आपल्याच विद्यार्थ्यांचे नुकसान होते, अशी भावना बळावली आणि २०१४ मध्ये ते धोरण मागे घेण्यात आले. एकट्या संस्थेला कठोरपणा परवडत नाही, हा या घटनेचा बोध आहे. श्रेणी देणारा शिक्षक, ती घेणारा विद्यार्थी व प्रवेश वाढवू पाहणारी संस्था या तिघांनाही तात्कालिक लाभ होतो. तोटा संपूर्ण व्यवस्थेचा होत असल्याने त्याची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती :

महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामुळे ग्रामीण व निमशहरी विद्यार्थ्यांना तांत्रिक शिक्षणाची दारे खुली झाली, हे निर्विवाद आहे. दर्जाच्या घसरणीचा दोष केवळ विस्ताराला देणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. मात्र संस्थेचे अस्तित्व शुल्कावर अवलंबून राहिले की विद्यार्थी गमावणे तिला परवडत नाही आणि त्याचा दाब मूल्यमापनावर येतो.

हा दाब अंतर्गत मूल्यमापनात विशेषत्वाने जाणवतो. वर्षाअखेरच्या एकाच परीक्षेवरील भर कमी व्हावा, ही त्यामागील भूमिका योग्य होती. परीक्षा पद्धतीत सुधारणा करण्याची निकड राधाकृष्णन आयोगानेही १९४८-४९ मध्ये मांडली होती. परंतु निरंतर मूल्यमापनासाठी शिक्षकाला विद्यार्थ्याचे लेखन वाचून त्यावर अभिप्राय द्यावा लागतो. मोठे वर्ग, रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरील नेमणुका अशा परिस्थितीत हे काम होत नाही. मग चाचणी ही औपचारिकता ठरते, प्रकल्प एकमेकांचे पाहून लिहिले जातात आणि अंतर्गत गुण हा उत्तीर्ण होण्याचा आधार बनतो.

संशोधनातील आकड्यांचा मोह :

हीच प्रक्रिया अध्यापकांच्या बाबतीतही घडली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी नियुक्ती व पदोन्नतीसाठी शोधनिबंधांना गुणांक दिले. संशोधनाला उत्तेजन मिळावे हा हेतू होता. प्रत्यक्षात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार वाढला. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार, आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या व तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असण्याची शक्यता होती. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. २०१९ मध्ये 'केअर' यादी आली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राकडे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद करण्यात आली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपविण्यात आली. यादी कोणतीही असली तरी निबंध वाचण्याला ती पर्याय ठरू शकत नाही, हे या पंधरा वर्षांच्या अनुभवाने दाखवून दिले आहे.

घसरणीचा भार कोणावर :

गुण जेव्हा ज्ञानाची साक्ष देत नाहीत, तेव्हा नोकरी देणारा अन्य खुणा शोधू लागतो. संस्थेचे नाव, इंग्रजी संभाषण, खासगी प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे व ओळखी यांना महत्त्व येते. ही साधने ज्या कुटुंबांत आधीपासून आहेत, त्यांचे पदवीच्या अवमूल्यनाने फारसे बिघडत नाही. सूससारख्या शहराच्या कडेच्या गावातील किंवा मराठवाड्यातून पुण्यात शिकण्यास आलेल्या विद्यार्थ्याकडे मात्र पदवी हीच एकमेव पत असते. सढळ हाताने दिलेले गुण सहानुभूतीतून दिलेले वाटतात. प्रत्यक्षात त्यांमुळे त्याच विद्यार्थ्याची सर्वाधिक हानी होते. सामाजिक न्याय व शैक्षणिक दर्जा परस्परविरोधी आहेत, हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो.

उपाययोजना :

१) अंतर्गत गुण व सत्रान्त परीक्षेतील गुण यांतील तफावत प्रत्येक महाविद्यालयाने विषयवार प्रसिद्ध करावी.

२) परिसरातील महाविद्यालयांनी एकत्र येऊन अंतर्गत उत्तरपत्रिकांची नमुना तपासणी परस्परांकडून करून घ्यावी. प्रिन्स्टनचा अनुभव पाहता हा प्रयत्न सामूहिक असणे आवश्यक आहे.

३) प्रत्येक सत्रात किमान एका विषयात विद्यार्थ्याने स्वतः केलेले दीर्घ लेखन व त्यावरील तोंडी चर्चा अनिवार्य असावी.

४) निवड समित्यांनी शोधनिबंधांची संख्या मोजण्याऐवजी उमेदवाराचे निवडक दोन-तीन निबंध वाचावेत.

५) रिक्त पदे शासनाने नियमितपणे भरावीत. त्याखेरीज वरील सूचना कागदावरच राहतील.

समारोप :

श्रेणी, श्रेयांक व प्रकाशनांची संख्या ही ज्ञानाची मापके आहेत. मापकालाच साध्य मानले की ते मोजण्यास निरुपयोगी ठरते. अमेरिकेतील समृद्ध विद्यापीठांनाही ही चूक टाळता आलेली नाही, त्यामुळे केवळ निधीअभावी आपला दर्जा घसरला असे म्हणता येणार नाही. धोरणे वरून येतात, परंतु उत्तरपत्रिकेवर गुण अध्यापकच लिहितो. तो गुण खरा असणे, हे विद्यार्थ्याप्रती त्याचे पहिले कर्तव्य होय.